दुसऱ्या पाळीची गोळी

प्रिय आई,

झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही, हे तू मला लहानपणापासून ऐकवत आलीस, बहुतेक वेळा शाळेच्या दिवशी सकाळी आणि पांघरूण ओढता ओढता. पण सोंग घेतलेल्याला खरोखर झोपवायचं कसं, हे तुला माहीत आहे का? मला नाही. मी पुस्तकं वाचली, डॉक्टरांना विचारलं, झोपेवर स्वतः एक माहितीपत्रक लिहिलं, ते आमच्या संस्थेने शहरभर वाटलं, तरीही या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. तू ताईकडे गेल्यापासून आपल्या घरातला एक माणूस पलंगावर डोळे मिटून, हात छातीवर ठेवून पडतो, मधूनमधून घोरूनही दाखवतो, आणि झोपत मात्र नाही. घोरण्याचा अभिनय इतका वाईट आहे की तू असतीस तर उशीत तोंड खुपसून हसली असतीस. मलाही आधी हसू यायचं.

फोनवर का नाही बोललीस, असं तू म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आई. तू, ताई, भावोजी, ताईच्या सासूबाई, सगळे मिळून माझं बोलणं ऐकता, आणि मागे बाळ रडत असतं. इकडे बाबा माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. तू "हे बरे आहेत ना गं?" विचारलंस की मी "हो" म्हणायचं, आणि त्यांनी मागून ओरडायचं, "सांग तिला, पट्ट्याला नवीन भोक पाडलं म्हणून सांग!" एवढ्या गर्दीत खरं बोलायला जागा कुठे उरते? शिवाय ताई आत्ताच बाळंत झाली आहे, तिला घोर नको. म्हणून पत्र. हे एकटीने वाच. ताईला त्यातलं किती सांगायचं ते तू ठरव.

सुरुवात तुला ठाऊकच आहे. बसडेपोतल्या वार्षिक तपासणीत बाबांना वजनकाट्यावर उभं केलं, रक्तदाब पाहिला आणि मुदत दिली. पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरवा, नाहीतर स्टिअरिंग सोडून चौकशीच्या खिडकीत बसा. बाबा आणि चौकशीची खिडकी! त्या खिडकीतल्या माणसांना ते आयुष्यभर "कुंडीतली झाडं" म्हणत आले. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या जेवणातून ताट सरकवलं, आणि दुसऱ्या दिवशी एकटेच दवाखान्यात जाऊन भूक मारणाऱ्या गोळ्या घेऊन आले. तू ताईकडे निघालीस तेव्हा गोळ्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. स्टेशनवर तू मला म्हणालीस, यांच्या खाण्याकडे लक्ष ठेव. मी ठेवलं. खाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माणूस काकडी, सूप आणि उकडलेल्या भाज्यांवर राहतोय, गोडाकडे ढुंकून बघत नाही. वजन उतरलं हे शंभर टक्के खरं आहे. फोनवर तुला जे जे सांगितलं ते सगळं खरंच होतं. फक्त झोपेचं काय ते कुणी सांगितलं नाही.

तू परत येशील तेव्हा तुझं स्वयंपाकघर तुला ओळखू येणार नाही, आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर मला बोल लावशील. डबे उंचीप्रमाणे लागले आहेत. मिठाचा डबा सगळ्यांत वर, कारण तो बुटका. नळ इतके चकचकीत की त्यात तोंड दिसतं. चांगला चालणारा मिक्सर बाबांनी खोलून "साफ" केला, आता तो फक्त सुरू होतो, थांबत नाही, प्लगच काढावा लागतो. दाराची कडी वाजते म्हणून तिला तेल, खुर्ची डुगडुगते म्हणून तिच्या चारही पायांची कापाकापी, आता ती खुर्ची बाळाला लवकरच उपयोगी पडेल. सुरुवातीला मी कौतुक केलं. घरकामाला हात लावायला लागले म्हणून तुला आनंदाने सांगणारही होते. मग एकदा लक्षात आलं की मी उठते तेव्हा हे सगळं झालेलं असतं. म्हणजे माणूस झोपतो केव्हा?

विचारलं तर म्हणाले, "मास्तरीणबाई, झोप म्हणजे काय जेवण आहे का, वेळेवरच मिळायला पाहिजे?" तुला माहीत आहे ना, आरोग्याची पत्रकं लिहायची ही नोकरी लागल्यापासून माझं नाव हेच पडलंय. मग मी मास्तरकी केलीच. माझ्या पत्रकात जे जे लिहिलंय ते घरात लागू केलं. दुपारनंतर चहा बंद. झोपायच्या आधी फोन दुसऱ्या खोलीत. खिडकीला जाड पडदा. उठायची वेळ रोज एकच. या शेवटच्या मुद्द्यावर बाबांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा लावला, नीट वाचलं आणि विचारलं, "हे लिहिणाऱ्या बाईंना पाळी बदलते म्हणजे काय होतं हे माहीत आहे का?" एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पत्रक मी ऑफिसला जाणाऱ्या माणसांसाठी लिहिलं होतं, आणि ज्या घरात मी जन्मले त्या घरासाठी त्यात एक ओळ नव्हती. मी ते मान्य केलं, पाळीप्रमाणे वेगळं वेळापत्रक करून दिलं. त्यांनी "वा, वा" म्हणून ते शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर काकडी चिरलेली मला दिसली.

शेजारच्या काकूंनाही वास लागला. काकू म्हणजे चालता फिरता दवाखाना. कोमट दूध सांगून झालं, गरम पाण्यात पाय बुडवून झाले, उलटे आकडे म्हणून झाले. बाबा उलटे आकडे म्हणत बसले तर शून्याला पोहोचून पुन्हा वर चढले. मग काकूंनी काकांच्या झोपेच्या गोळ्यांची अर्धी पाकिटं पदराआड आणून दिली, "यांना चालतात, तुमच्या बाबांना काय होतंय?" मी ती जवळजवळ हिसकावूनच परत दिली. एका गोळीने जागं ठेवायचं आणि दुसरीने पाडायचं, मधल्या माणसाचं काय? काकू चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बाबा म्हणाले, "एवढं शिकून माणसं तोडायलाच शिकलीस का?" मी म्हटलं, बाबा, तुमच्या गोळीच्या कागदावर लिहिलंय, झोप कमी होऊ शकते, सकाळी उठल्यावर घ्या, उशिरा घेऊ नका. तुम्ही सकाळीच घेता ना? तर म्हणाले, "म्हणजे काय! अगदी सांगितल्याप्रमाणे." आणि माझ्याकडे असे निरागस बघत राहिले की मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

खरी गोष्ट डब्याच्या पिशवीत निघाली. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी मी त्यांचा डबा भरत होते, पिशवीच्या पुढच्या कप्प्यात चमचा ठेवायला गेले तर तिथे त्यांचं घड्याळ, रुमाल आणि ते गोळ्यांचं पाकीट. मी विचारलं, हे इथे काय करतंय? आई, त्यांना जरासुद्धा अपराधी वाटलं नाही, उलट एखादी युक्ती सापडल्यासारखं त्यांनी मला समजावून सांगितलं. ही गोळी घेतली की डोळे कसे टक्क उघडतात. जेवणानंतरची पेंग नाही, जांभई नाही, समोरचा रस्ता धुऊन काढल्यासारखा दिसतो. मग ती सकाळी घरात बसून वाया का घालवायची? गाडीवर चढताना घ्यायची, म्हणजे वजनही उतरतं आणि ड्युटीही छान होते. "एका दगडात दोन पक्षी," असं वर म्हणाले. म्हणजे दुसऱ्या पाळीला दुपारी चहाच्या वेळेला गोळी, आणि घरी आल्यावर माणूस पहाटेपर्यंत टक्क जागा, मिक्सर खोलून बसलेला! दुसऱ्या दिवशी अंग जड, डोळे चुरचुरतात, म्हणून पुन्हा गोळीची वाट बघायची. ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती गं. भूक मारायची गोळी जागं राहायला वापरायची हे एका ड्रायव्हरलाच सुचणार.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि एक गोल काढला. गाडी टिकवायची म्हणून गोळी, गोळीमुळे झोप नाही, झोप नाही म्हणून गाडी चालवायला नको. बाबांनी गोल हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, "छान आलाय. कंपास घेतलास का हाताने काढलास?"

तेव्हा मी डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. यायला तयार झाले, नवा शर्टही घातला. डॉक्टरबाई आपल्या ताईच्या वयाच्या असतील. त्यांनी आधी वजन पाहून शाबासकी दिली. मग मी झोपेचं सांगितलं, गोळीची वेळ सांगितली, आणि सांगता सांगता माझ्या तोंडून निघालं की बाबा दुसऱ्या पाळीला गाडी घेऊन निघण्याआधी ती घेतात. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. कुठली गाडी? मी म्हटलं, बस. शहराची बस. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मला ट्रान्सपोर्टमध्ये आहात म्हणाला होतात. मी ऑफिस समजले." बाबा म्हणाले, "ट्रान्सपोर्टमध्येच आहे की." आई, खोटं एक अक्षर नाही, आणि खरंही नाही! ही कला त्यांना येते हे तू मला लग्नाच्या गोष्टी सांगताना सांगितलं होतंस, पण दवाखान्यातही चालवतील असं वाटलं नव्हतं. बाईंनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. म्हणाल्या, ही बंद झाली तरी झोप लगेच परत येईल असं नाही, काही दिवस जातील, आणि ती नीट येईपर्यंत गाडी चालवायची नाही. वजनासाठी दुसरा रस्ता शोधू, हळू जाऊ. लागली तर डेपोला चिठ्ठी देते म्हणाल्या. बाबा प्रत्येक वाक्याला "हो बाई, बरोबर बाई" करत होते. पायऱ्या उतरल्यावर म्हणाले, "तरुण आहेत बिचाऱ्या. घाबरतात." आणि दुसऱ्या दिवशी डब्याची पिशवी खांद्याला लावून कामावर गेले. पाकिटात गोळ्या शिल्लक होत्याच.

मी आकांडतांडव केलं. भांडी आपटली, तुझ्यासारखी. ते म्हणाले, तपासणी तोंडावर आली आहे, थोडंसंच वजन राहिलंय. वजन उतरलं की गोळी बंद, गोळी बंद की झोप चालू, थोडी कळ काढ. म्हणाले, इतक्या वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही, आणि माझी मुलगी मला शिकवणार? हेही खरं आहे गं, ओरखडा नाही. मी लहान असताना सुट्टीत मला ते गाडीवर न्यायचे, आठवतं? इंजिनच्या मागच्या पहिल्या सीटवर मी बसायचे आणि समोरून येणाऱ्या बसच्या पाट्या मोठ्याने वाचायचे. मी वाचायला त्या पाट्यांवर शिकले. एखादी म्हातारी चढली तर ती बसेपर्यंत बाबा गाडी हलवायचे नाहीत. मागून लोक ओरडायचे, चला की राव, उशीर होतोय. बाबा आरशात बघत म्हणायचे, "त्यांना बसू दे. पडल्या तर तू उचलणार का?" ज्या दिवशी माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी प्रत्येक स्टॉपवर चढणाऱ्या माणसाला सांगितलं, आमच्या घरातली पहिली! उतरणाऱ्यांनाही सांगितलं, त्यांनी आधीच ऐकलं होतं तरी. त्यानंतर घरात काहीही अडलं की, वीजबिल असो, बँकेचा कागद असो, शेजाऱ्यांचा वाद असो, ते म्हणणार, हिला विचारा, आता आपल्याकडे शिकलेलं माणूस आहे. सगळ्या जगाने मला विचारावं, फक्त त्यांनी ऐकायचं नाही, असा हा नियम आहे. मला त्याचा इतका संताप येतो की काय सांगू. मी आयुष्यभर काय समजत आले? माणसाला नीट माहिती दिली, समजेल अशा भाषेत दिली, की तो शहाण्यासारखा वागतो. त्यावर तर माझी नोकरी उभी आहे. आणि आपल्या घरात माहिती आहे, भाषा आहे, शहाणपणही ठासून भरलंय, आणि गोळी डब्याच्या पिशवीत आहे!

मग दाढीचं प्रकरण झालं. न्हाव्याच्या पोराने येऊन हाक मारली, ताई, तुमच्या बाबांना न्यायला या. मी चपला न घालता धावले. बाबा खुर्चीत मान मागे टाकून, अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल साफ, असे गाढ झोपलेले. न्हावी वस्तरा हातात धरून बाजूला उभा. म्हणाला, "मध्येच मान कलली हो. मी पटकन हात मागे घेतला म्हणून, नाहीतर..." मी बाबांना उठवलं. ते उठले, आरशात बघितलं आणि म्हणाले, "थांबलास का रे? कर की पुरी." संध्याकाळी त्यांची पाळी नव्हती, म्हणून मी त्या दिवशी काही केलं नाही. पण तो वस्तरा धरलेला हात माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. न्हाव्याला निदान हात मागे घेता आला.

मी बाबांच्या गाडीवरच्या कंडक्टरकाकांना गाठलं. ते डेपोच्या कँटीनमध्ये चहा पीत होते. मला बघून इतके आनंदले की मला आधीच संशय आला. थोडं इकडचं तिकडचं झालं, तुझी, बाळाची चौकशी झाली, आणि मी सरळ विचारलं, बाबा गाडीवर झोपतात का? "छे छे! झोपतोय कसला. मी झोपू देतो का? माझं तोंड बंद असतं का कधी?" हळूहळू बाहेर आलं. हल्ली काका तिकिटं फाडून झाली की बाबांच्या मागच्या जाळीला टेकून उभे राहतात आणि बोलत राहतात. कोडी घालतात, जुन्या साहेबांच्या नकला करतात. एकदा एक स्टॉप तसाच मागे गेला, माणसं हात दाखवत राहिली. आणि शाळेजवळच्या चौकात सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागल्या, तरी बस जागची हलली नाही. काकांनी वाकून पाहिलं तर बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे उघडे. जाळी बडवली तेव्हा ते म्हणाले, "हं? आलं का?" काका हे हसत हसत सांगत होते, पण चहाचा कप त्यांनी खाली ठेवला नव्हता आणि पितही नव्हते. म्हणाले, "वहिनींना कळवू नकोस हं. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. मी आहे ना." मी म्हटलं, काका, तुमचं तोंड चालू असेल, पण ब्रेक त्यांच्या पायाखाली आहे. मी उठले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी नाही सांगू शकत गं साहेबांना. माझा मित्र आहे तो." बरोबर आहे. मित्राने कसं सांगायचं?

आता आपल्या घरातलं वातावरण सांगते. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मीठ हवं असेल तर डब्यांकडे बघून म्हणतात, "या घरात मीठ मिळतं का कुणाला?" मी दिलं की भिंतीला थँक यू म्हणतात. गोळी बंद आहे. उरलेलं पाकीट मी डॉक्टरबाईंना नेऊन दिलं, आता ते दिवसाआड त्यांच्याकडे जातात, मला न सांगता, पण जातात. झोप अजून आलेली नाही. थोडी थोडी, तुकड्या तुकड्यांनी येते, मग दचकून उठतात. वजन थोडं वाढलंही असेल. वजनकाटा त्यांनी माळ्यावर टाकलाय. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जातात आणि चौकशीच्या खिडकीत बसतात. कोणती बस कुठून सुटते ते लोकांना सांगतात. काल एका बाईने त्यांना विचारलं म्हणे, तुम्हाला नक्की माहीत आहे ना? कंडक्टरकाकांनी हे मला सांगितलं आणि तेही माझ्याशी नीट बोलले नाहीत.

एक-दोन दिवसांत बाबांचा तुला फोन येईल, तू एकटी असशील अशी वेळ साधून. ते सांगतील की पोरीने जरा डुलकी लागली त्याचा डोंगर केला, आणि तू डेपोमॅनेजरसाहेबांशी बोल, ते तुझा मान ठेवतात, सांग की असं काही नाही. तू तो फोन करू नयेस म्हणून हे पत्र. तुला त्यांची दया येईल, मला माहीत आहे. मलाही येते, दर वेळी त्यांनी मीठ मागितलं की येते. पण ते सांगतील त्यात एक गोष्ट खरी असेल, ती माझ्याकडूनच ऐक. कंडक्टरकाकांना भेटले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांची दुसरी पाळी होती. बाबा आंघोळीला गेले, पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. मी रिक्षा केली, डेपोत गेले, मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले, डॉक्टरबाईंकडून मागून आणलेली चिठ्ठी पुढे ठेवली, मी कुणाची मुलगी ते सांगितलं आणि म्हटलं, साहेब, आज बाबांना गाडी देऊ नका. त्यांनी दिली नाही.

तुझीच,
मास्तरीण